शहराच्या मध्यात नवं बसस्थानक बांधताना: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत कुठे ना कुठे स्टँड पाडून नवं बांधण्याची चर्चा चालू असते. अशा वेळी प्रवासी, दुकानदार, रिक्षावाले आणि नगरसेवक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एकच कसोटी लावली आहे: हातात पिशवी आणि कडेवर लेकरू असलेल्या बाईला एका गाडीतून उतरून दुसरीत बसायला किती पावलं चालावी लागतात, आणि त्यातली किती उन्हात?

एसटी स्टँड आहेच की. मग या नव्या स्थानकात वेगळं काय?

स्टँडवर एसटी मिळते. नव्या पद्धतीच्या स्थानकात एसटी, शहर बस, रिक्षा, सायकल, जमलं तर रेल्वे, आणि पायी जाणाऱ्याची वाट, हे सगळं एका आराखड्यात बसवलेलं असतं. आज गेवराईहून छत्रपती संभाजीनगरला आलेला माणूस मध्यवर्ती स्थानकात उतरतो आणि गेटाबाहेर पडून, रस्ता ओलांडून, शहर बस कुठे थांबते ते चार जणांना विचारतो. त्याचं हे विचारणं आणि रस्ता ओलांडणं वाचवायचं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप आहे.

स्टँड बायपासला नेलं तर शहरातली कोंडी फुटेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी बघू या, स्टँडवर कोण उतरतं. घाटी रुग्णालयात पेशंटला दाखवायला आलेले, खंडपीठात तारखेला आलेले, कलेक्टर कचेरीत सातबाऱ्याच्या भानगडीत अडकलेले, कॉलेजची मुलं, लग्नाचा बस्ता काढायला आलेली कुटुंबं. यातल्या बहुतेकांचं काम शहराच्या मध्यात असतं. स्टँड आठ किलोमीटर लांब नेलं तर ही माणसं काही शहरात यायची थांबत नाहीत. फक्त एका गाडीतून येणारे पन्नास जण आता पंधरा-वीस रिक्षांतून येतात. कोंडी वाढते, आणि रिक्षाचं भाडं गरिबाच्या खिशातून जातं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास मिळतो. तिथे वाचलेले पैसे शेवटच्या आठ किलोमीटरला रिक्षात घालवायचे, हे मला पटत नाही.

लातूरची गंजगोलाई डोळ्यासमोर आणा. सोळा रस्ते एका गोलात येऊन मिळतात. खेड्यातला माल आणि माणूस बाजाराच्या पोटात थेट यावा, असा विचार त्या रचनेत आहे. आपली शहरं अशीच, आसपासच्या गावांनी वाढवलेली आहेत. निजामाच्या राज्यात रेल्वेच्याच खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सार्वजनिक बससेवा सुरू केली. बस आणि रेल्वे एकाच नजरेखाली चालवायची ही कल्पना आपल्याकडे तेव्हापासून आहे. पुढे तो धागा सुटला.

बायपासलाही काहीतरी हवंच. नागपूर–पुणे, हैदराबाद–शिर्डी अशा लांब पल्ल्याच्या ज्या गाड्यांतून इथे फार कमी लोक उतरतात, त्यांना शहरात घुसवायची गरज नाही. त्यांच्यासाठी आणि खाजगी ट्रॅव्हल्ससाठी बायपासला छप्पर, दिवे आणि स्वच्छतागृह असलेला नीट थांबा द्यावा, आणि तिथून मध्यवर्ती स्थानकात दर दहा-पंधरा मिनिटांनी शहर बस. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यापासून जालना आणि संभाजीनगरला अशा थांब्यांची निकड वाढली आहे. तालुक्याच्या आणि खेड्याच्या गाड्या मात्र मध्यातच याव्यात.

फलाट किती लागतील? आमच्याकडे म्हणतात तीस तरी हवेत.

फलाटांचा आकडा मोठेपणासाठी ठरवू नये. हिशेब सोपा आहे. समजा गर्दीच्या तासाला ६० गाड्या सुटतात आणि प्रत्येक गाडी फलाटावर १५ मिनिटं उभी राहते. म्हणजे एका फलाटावरून तासाला ४ गाड्या, आणि ६० गाड्यांना १५ फलाट. पण गाड्या काही एकसारख्या अंतराने येत नाहीत. कुठे फाटक बंद, कुठे टायर बसलेलं. म्हणून फलाट ७० टक्के वेळच भरलेला असेल असं धरायचं, म्हणजे २२ फलाट.

आता गाडीचं थांबणं १५ वरून १० मिनिटांवर आणा. एका फलाटावरून तासाला ६ गाड्या जातात, आणि त्याच सवलतीसह १५ फलाट पुरतात. एक वीटही न रचता सात फलाट वाचले. म्हणून आराखडा काढण्याआधी आठवडाभर फलाटावर उभं राहून गाडी नेमकी कशासाठी खोळंबते ते लिहून काढावं. वाहतूक नियंत्रकाकडे नोंद करायला वाहक लांब चालत जातो का? चालक बदलायचा आहे आणि दुसरा अजून आलाच नाही? एकाच दारातून उतरणारे आणि चढणारे भिडले आहेत? पहिलं कारण नियंत्रकाची खोली फलाटाच्या मधोमध आणून सुटतं. दुसऱ्याचं उत्तर वेळापत्रकात आहे. तिसऱ्यासाठी उतरायची जागा वेगळी करायची: गाडी आधी उतारूंच्या फलाटाला लागेल, रिकामी होईल, मग सुटायच्या फलाटाला जाईल.

तुळजापूरचं नवरात्र, पैठणची नाथषष्ठी, परळी-औंढ्याची शिवरात्र, दिवाळी. या दिवसांच्या जादा गाड्यांसाठी कायमचे फलाट बांधू नयेत. आवारात एक मोकळा, पक्का पट्टा ठेवावा. एरवी तिथे गाड्या उभ्या राहतील, यात्रेत मंडप घालून तात्पुरते फलाट होतील.

गाडी तोंड घालून लावावी की बाजूने?

आपल्या बहुतेक स्टँडवर गाडी फलाटाला तोंड लावते आणि सुटताना मागे सरकते. याने कमी लांबीत जास्त गाड्या मावतात. एसटीची गाडी साधारण १२ मीटर लांब आणि अडीच मीटरहून थोडी रुंद. मागे घेऊन वळायला तिला लांबीच्या दीड-दोनपट मोकळी जागा लागते. धोका त्याच जागेत असतो, कारण मागे सरकणाऱ्या गाडीच्या चालकाला मागची माणसं दिसत नाहीत आणि आपली माणसं तिथूनच आडवी जातात.

दुसरी रचना करवतीच्या दातांसारखी: गाडी किंचित तिरकी लागते आणि पुढेच निघून जाते. मागे घ्यावं लागत नाही, पण जागा जास्त लांबते. शहर बस दोन-तीन मिनिटंच थांबते, तिला ही रचना योग्य. पंधरा मिनिटं थांबणाऱ्या तालुक्याच्या गाडीला तोंड घालूनच लावावं, मात्र मागच्या मैदानात प्रवाशाचं पाऊल पडता कामा नये.

हे कसं जमतं ते न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात बघायला मिळतं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात त्या शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला आणि २०१५ मध्ये तिथे नवं बसस्थानक सुरू झालं. प्रवासी आतल्या दालनात बसतात. गाडी बाहेर येऊन लागली की तेवढ्याच फलाटाचं सरकतं दार उघडतं. गाड्यांच्या मैदानात प्रवाशाला जाताच येत नाही. आपल्याला बंद काचेचं दालन परवडणार नाही आणि आपल्या उन्हाळ्यात ते सोसणारही नाही. पण फलाटाच्या कडेला कमरेएवढा कठडा आणि गाडीच्या दारापुरती मोकळी जागा, एवढं तर कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर करता येतं.

कुठली गाडी कुठे लागली, हे कळायला स्क्रीन लावल्या की झालं ना?

स्क्रीन हव्यात. पण वीज गेली, की स्क्रीन काळी. आणि वाचता न येणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नाही. म्हणून खेड्याच्या गाड्यांचे फलाट कायमचे ठरलेले असावेत. रोज कॉलेजला येणाऱ्या मुलीला किंवा दर आठवड्याला बाजाराला येणाऱ्या आजोबांना आपली गाडी कुठे लागते ते पाठ असतं, आणि त्या पाठांतराचा मान ठेवावा. जो फलाट रिकामा तो देणं, ही पद्धत लांब पल्ल्याच्या गाड्यांपुरती ठीक.

फलाटाचा आकडा माणसाएवढा उंच, काळ्यावर पिवळा, पन्नास पावलांवरून दिसेल असा. दिशेप्रमाणे रंग: जालन्याकडचा एक, बीडकडचा एक, कन्नड-सिल्लोडकडचा एक. पाटीवर शेवटचं गाव तर असावंच, मधली मोठी गावंही असावीत. ‘वडीगोद्रीमार्गे की पैठणमार्गे?’ हा प्रश्न चौकशीच्या खिडकीवर दिवसभर विचारला जातो. आणि घोषणेसाठी एक मोठा कर्णा नको. प्रत्येक दोन-तीन फलाटांना लहान स्पीकर लावले तर आवाज घुमत नाही आणि शब्द कळतात.

आगार तिथंच ठेवायचं का?

शक्य असेल तिथे नाही. डिझेल भरणं, गाड्या धुणं, दुरुस्ती, टायर या कामांनी शहराच्या मोक्याच्या जागेतला मोठा हिस्सा व्यापलेला असतो. वर्कशॉप चार-पाच किलोमीटरवर जाऊ शकतं, प्रवासी जाऊ शकत नाही. मात्र रिकाम्या गाडीची ये-जा म्हणजे इंधनाचा खर्च, तेव्हा आगार फार लांबही नको. चालक-वाहकांची विश्रांतीची खोली मात्र स्थानकातच ठेवावी, आणि ती चांगली असावी. रात्री अकराला येऊन पहाटे पाचला गाडी काढणाऱ्या माणसाला कोरडी गादी, पंखा आणि स्वच्छ न्हाणी मिळणं हा प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे. विजेवरच्या गाड्या वाढत जाणार. ट्रान्सफॉर्मरची आणि केबलच्या चरांची जागा आजच नकाशात धरून ठेवा.

मे महिन्यात ४३ अंशांत तिथे बसायचं कसं?

माझ्या मते मराठवाड्यातल्या स्थानकाची खरी परीक्षा हीच आहे. मुंबईच्या कुणीतरी काढलेला, सगळीकडून काच असलेला नकाशा आला तर तो तिथेच परत करावा.

एकेरी पत्र्याचं छप्पर दुपारी तापतं आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर उष्णता ओततं. छप्पर दुहेरी हवं, मधे हवा खेळती, वरचा थर पांढरा. उंची भरपूर, पण कडा खाली झुकलेल्या, नाही तर चार वाजताचं पश्चिमेचं ऊन बाकड्यापर्यंत पोचतं. फलाटांची लांब बाजू शक्यतो पूर्व-पश्चिम धरावी, म्हणजे तिरकं ऊन फक्त दोन टोकांना येईल आणि तिथे जाळीची भिंत घालता येईल. वारा आरपार जायला हवा. फक्त गारव्यासाठी नाही, गाड्यांचा धूर छपराखाली साचू नये म्हणूनही. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असल्यामुळे कूलर चांगला चालतो, पण त्याला पाणी लागतं, आणि पाण्याचं आपल्याकडे काय होतं ते लातूरला सांगावं लागत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. म्हणून आधी सावली, मग वारा, मग मोठे पंखे, आणि कूलर फक्त प्रतीक्षालयात.

झाडं पाडू नका. स्टँडच्या आवारातला जुना लिंब किंवा पिंपळ हा तयार, थंड प्रतीक्षा कक्ष आहे. त्याच्याभोवती पार बांधा आणि नकाशा त्याच्याकडेने वळवा.

पाण्याचाही हिशेब मांडू. ५,००० चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर पाऊस धरला तर छपरावर ३५ लाख लिटर पाणी पडतं. ८० टक्के अडवलं तरी २८ लाख लिटर. स्वच्छतागृहांना आणि गाड्या धुवायला हे पाणी वापरता येतं, फक्त जमिनीखालच्या टाक्या पहिल्या टप्प्यात बांधायला हव्यात. नंतर कुणी खोदत नाही.

जमीन काळी आहे, भेगा पडणार नाहीत का?

पडतील, पाया वरवरचा घातला तर. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फरशी उचलली जाते, भिंत तडकते. खाली मुरूम किंवा पक्का दगड कुठे लागतो ते आधी तपासावं. थर जास्त खोल असेल तर खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब घालतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी रुजवली. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांना बाकी सांगायला नको. लातूर-धाराशिवचा तो पट्टा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरला जातो आणि स्टँडची इमारत तर आपत्तीत लोकांना आसरा द्यायची जागा. तिथे संरचनेच्या खर्चात काटकसर नको.

गाड्या उभ्या राहतात तिथे डांबर घालू नका. उन्हाने ते मऊ पडतं, गळणाऱ्या डिझेलने विरघळतं, आणि ब्रेक लागतो तिथे लाटा उठतात. सिमेंट काँक्रीट महाग पडतं, पण दर पावसाळ्यानंतरचे खड्डे वाचतात.

बायकांसाठी काय वेगळं हवं?

स्वच्छतागृह. पहिलं, दुसरं आणि तिसरं उत्तर हेच. पुरुषांएवढीच शौचाची भांडी बायकांना दिली तर बायकांची रांग बाहेर येते, कारण त्यांना वेळ जास्त लागतो. बायकांसाठी निदान दीडपट भांडी हवीत. स्वच्छतागृह फलाटावरून दिसणारं असावं, इमारतीच्या मागच्या अंधाऱ्या बोळात नको. दिवसभर पाणी न पिता प्रवास करणाऱ्या कितीतरी जणी आपल्या घरात आहेत आणि त्याचं कारण त्या बोळात आहे.

हिरकणी कक्ष, म्हणजे लेकराला दूध पाजायची खोली, बऱ्याच स्टँडवर आहे. त्याला कुलूप असेल तर तो नाहीच असं समजावं. चौकशीच्या खिडकीला लागून ठेवला की त्यावर कुणाचं तरी लक्ष राहतं. रात्री शेवटची गाडी चुकलेल्या बाईला पहाटेपर्यंत बसायला उजेडाची खोली हवी. चहाचं एक दुकान, पोलिस चौकी आणि नियंत्रकाची खोली समोरासमोर असतील तर रात्रभर तिथे जाग राहते. उंच भिंती बांधून सुरक्षितता येत नाही, माणसांची नजर पोचते तिथे येते.

दिव्यांग आणि म्हाताऱ्या माणसांसाठी उतार बांधला की पुरे?

उतार किती तीव्र आहे त्यावर अवलंबून. एक फूट चढायला बारा फूट लांबी, याहून उभा नको. दोन्ही बाजूंना कठडा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे बंधनकारक आहे. पायाखाली जाणवणाऱ्या पिवळ्या पट्ट्या गेटापासून फलाटापर्यंत सलग असाव्यात. मधेच फेरीवाल्याच्या गाड्याखाली गेल्या तर अंध माणूस तिथेच अडतो. शहराच्या लो-फ्लोअर बसची आतली पातळी जमिनीपासून साधारण ४०० मिलीमीटर असते, तेव्हा तिचा फलाट थोडा उंच केला तर व्हीलचेअर जवळजवळ सरळ आत जाते. लालपरीच्या पायऱ्यांना अजून असा उपाय नाही. निदान हाताला धरायला दांडा आणि फलाट जास्तीत जास्त जवळ, एवढं करावं.

रिक्षा आणि काळी-पिवळीवाल्यांना हाकलणार का?

नाही. त्यांना जागा दिली नाही तर ते गेटातच उभे राहतात आणि एसटी अडते. स्टँडपासून २०० मीटरच्या आत खाजगी वाहतुकीला मनाई आहे, तरी काय होतं ते सगळे बघतात. कारण ज्या गावाला दुपारची फेरी नाही, त्या गावाला काळी-पिवळीच जाते. गेटापासून वेगळ्या वाटेने येणारी, क्रमाने पुढे सरकणारी रिक्षांची रांग आराखड्यात दाखवा. ती उतारूंच्या फलाटापासून शंभर पावलांच्या आत हवी, नाही तर रिक्षावाला आत येऊन हाका मारणारच.

आमचं रेल्वे स्टेशन लांब आहे. मग?

नांदेड आणि परभणी याबाबतीत सुदैवी, तिथे रेल्वे स्टेशन आणि बसस्थानक जवळ आहे. तिथे फक्त मधली वाट छताखाली आणायची आहे. बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरची रेल्वे सुरू झाली, आणि तिथल्या माणसाला आयुष्यात प्रथमच हा प्रश्न पडतो आहे. गाडीच्या वेळेला बांधलेली बस हवी: रेल्वे आल्यावर दहा मिनिटांनी सुटणारी, रेल्वे उशिरा आली तर थांबणारी. हैदराबादला जाणाऱ्यांनी महात्मा गांधी बसस्थानक पाहिलं असेल. तिथे मेट्रोच्या दोन मार्गिका स्टँडलाच येऊन मिळतात. आपल्याला मेट्रो नको, वेळा जुळल्या तरी पुष्कळ.

वर मॉल बांधून खर्च काढता येईल ना?

येईल. वडोदऱ्याचं मध्यवर्ती स्थानक खाजगी भागीदारीतून, वर दुकानं घेऊन उभं राहिलं, आणि ते रेल्वे स्टेशनला लागून आहे. पण करार करताना तळमजला पूर्ण प्रवाशांचा, असं एक वाक्य आधी लिहून घ्यावं. गेटापासून फलाटापर्यंतची वाट दुकानांतून वळसे घालत नेलेली नसावी. पार्किंगच्या गाड्यांचा रस्ता बसच्या रस्त्याला कुठेही छेदता कामा नये. आणि जुने रसवंतीवाले, पेपरवाले, फळवाले यांना नव्या इमारतीत परवडेल अशा भाड्याने जागा द्यावी, कारण वीस रुपयांत पोट भरणारं दुकान मॉलमध्ये उघडत नाही.

बांधकाम चालू असताना स्टँड कुठे जाणार?

‘तात्पुरतं’ हा शब्द ऐकला की मी तारीख विचारतो. पुण्याचं शिवाजीनगर स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेलं. मराठवाड्यातून पुण्याला शिकायला, नोकरीला गेलेली एक अख्खी पिढी शिवाजीनगरऐवजी वाकडेवाडीच ओळखते. म्हणून शक्य तिथे निम्मं आवार बांधायचं, निम्मं चालू ठेवायचं. वेळ जास्त लागतो, पण प्रवासी तुटत नाही. हलवावंच लागलं तर तात्पुरत्या जागीही पहिल्या दिवसापासून छप्पर, पाणी, स्वच्छतागृह आणि शहर बस हवी, आणि परत येण्याची तारीख निविदेतच लिहिलेली हवी, दंडासकट.

आमच्या गावचं कोण ऐकणार? नकाशा तर मुंबईत ठरतो.

नकाशा मंजूर होण्याआधी मागा. माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या कायद्याने, एसटीच्या विभागीय कार्यालयाकडे तो मागता येतो. मिळाला की त्यावर पाच गोष्टी तपासा: उतारूंच्या फलाटापासून शहर बसपर्यंतचं अंतर मीटरमध्ये, त्यातला छताखालचा भाग, बायकांच्या स्वच्छतागृहातल्या भांड्यांची संख्या, जुनी झाडं कुठे दाखवली आहेत, आणि कामाचे टप्पे. यातलं काही नकाशावर सापडलं नाही तर तेवढंच लेखी विचारा. ग्रामसभेचा ठराव जोडा, आणि ज्या दहा-बारा गावांच्या गाड्या त्या स्टँडला येतात, त्यांनी एकच मजकूर पाठवा. अर्ज विभाग नियंत्रकाच्या नावाने द्या, एक प्रत नगरपालिकेला किंवा महापालिकेला, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.